देवघरातला चुंबकी खडा

मी, गंगा कृष्णनाथ मळीक, वय एकाहत्तर, राहणार शिरगाव, तालुका डिचोली, हे नोटरीसमोर माझ्या मर्जीने लिहून देते. सोमवारी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके शाबूत आहे. झोप उडाली आहे ती भीतीने नव्हे, कलम तीनमुळे.

एक. घर, माड आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी, डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी जानकी, हिला.

दोन. यजमानांचा तंबोरा भजनी मंडळाला. तारा नव्या घालाव्यात.

तीन. यजमानांनी खाणीवरून आणलेला आठ बाजूंचा काळा खडा सासूबाईंनी शाळीग्राम म्हणून देव्हाऱ्यात बसवला. लुगड्याची पिन त्याला चिकटली तेव्हा म्हणाल्या, "देव पावलो." तो लोहचुंबक आहे. तरी तीस वर्षे मी त्याला तुळस वाहिली. हा खडा जानकीच्या प्रयोगशाळेला.

यावर धाकटे दीर सगुण म्हणाले, "वयनी, देवाक शाळेंत धाडटली तूं? आवय वयल्यान गाळी दितली."

मी म्हटले, "देव शाळेंत गेल्यार शिकतलो."

सासूबाई वरून शिव्या देतील या धास्तीने ते अजून रागावलेले आहेत. त्यांच्यासाठी म्हापशाहून खरा शाळीग्राम आणून ठेवला आहे. तो त्यांचा.

यजमान गेल्यावर मी वाचनालयातली विज्ञानाची पुस्तके वाचू लागले. चुंबकी स्फटिकातून लाटा धावतात, हे वाचून विद्यापीठात अशा स्फटिकांवर संशोधन करणाऱ्या एका बाईंना पत्राने विचारले: लाट वाटेत असतानाच बाहेरचे चुंबकी क्षेत्र बदलले तर? मंगळवारी उत्तर आले. माझ्या खड्यात लाट लगेच विरते. त्यांच्या शुद्ध स्फटिकात दूर जाते. आणि सगळीकडे एकदम क्षेत्र बदलले, तर लाटेची लांबी तीच राहते, कंपने बदलतात. मला तत्काळ कळले. तार छेडून यजमान खुंटी पिळत; तार तेवढीच, सूर चढायचा. ते गेले तेव्हा माझेही तसेच झाले. दिवस तेवढेच लांब राहिले, सूर बदलला.

बाईंनी अठ्ठावीस फेब्रुवारीला प्रयोग पाहायला बोलावले आहे, खडा घेऊन. मी परतले तर कलम तीन तूर्त थांबवावे. खडा मीच नेईन. न परतल्यास जानकीने रजा घालून जावे, पुढे बसावे, आणि सूर बदललेला पाहिला की घरी येऊन यजमानांच्या फोटोसमोर सांगावे. तेव्हा तिथे दोन फोटो असतील. दोघांना ऐकू जाईल असे सांगावे.

वाचून पाहिले, बरोबर आहे.
गंगा कृष्णनाथ मळीक

आमच्यादेखत सही केली:
वत्सला शांताराम परब, शेजारीण
गोकुळदास रामचंद्र गावकर, वाचनालयाचे ग्रंथपाल

डिचोली, शुक्रवार, ८ फेब्रुवारी २०१९