पक्क्या बिलाशिवाय एकही भोंगा विकू नये

लिहून ठेवणार मालनबाई बाबुलाल गजभिये, वय एकाहत्तर, धंदा वाद्ये व साउंड भाड्याने देणे, राहणार चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा.

हे माझे शेवटचे इच्छापत्र आहे आणि पहिलेही हेच. याआधी मी असे काही लिहिलेले नाही, तेव्हा कोणी जुना कागद घेऊन दारात उभा राहिला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. माझी बुद्धी शाबूत आहे. साखर वाढलेली आहे, पण साखरेचा अकलेशी संबंध नाही, असे तुमसरच्या डॉक्टरांनी माझ्या मुलासमोर सांगितले आहे. मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणून पाहिले गेले, मी ते घेतले नाही.

माझे पती दिवंगत बाबुलालजी मँगनीजच्या खाणीत कामाला होते. पाळी सुटली की कॉलनीतले सोबती जमवून गायचे. त्यातून गायन पार्टी उभी राहिली. मी त्या पार्टीत गात असे. मला दोन मुले आहेत. प्रफुल्ल नागपूरला कारखान्यात नोकरीस आहे. करुणा इथेच कॉलनीत दिली आहे. जावई नीलेश खाणीत आहे, शांत माणूस आहे, मधे बोलत नाही, म्हणून मला आवडतो.

कलम १. राहते घर प्रफुल्लला मिळावे. मात्र मागच्या खोलीत वाद्ये ठेवलेली आहेत. करुणा आपली वेगळी जागा करेपर्यंत त्या खोलीची किल्ली करुणाकडेच राहील. प्रफुल्लने दुसरी किल्ली बनवू नये. बनवली असेल तर आणून द्यावी.

कलम २. बँकेतली ठेव दोघांना सारखी. आधी माझ्या दवाखान्याचे काही राहिले असेल ते फेडावे.

कलम ३. माझे दीर भैय्यालालजी यांनी आमचा बेंजो एका लग्नासाठी नेला होता. त्या लग्नातल्या जोडप्याला आता सुना आल्या, बेंजो आला नाही. तो बेंजो मी या कागदाने त्यांना देत आहे. आता तरी मला पाहून त्यांनी रस्ता बदलू नये. "बाईच्या हाती पार्टी गेली म्हनजे दोन वर्षात बसते," असे ते चारचौघांत म्हणाले होते. ते वाक्य मात्र त्यांनी परत घ्यावे, ते मी त्यांना दिलेले नाही.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. बाबुलालजी गेल्यावर पार्टीचे सामान मीच भाड्याने देऊ लागले. खाणीच्या वार्षिक कार्यक्रमाला साउंड लावायचा तर पक्के बिल लागायचे, म्हणून मी माझ्या नावाने जीएसटीचा नंबर घेतला. लोक हसले. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, मालनबाई आता दुकानदारीण झाली. झाली तर झाली. पुढे डीजे आले आणि मोठे भोंगे, जुने ॲम्प्लिफायर, दोन ढोलक, लाकडी बॉक्स, सगळे पडून राहू लागले. खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरली नाही.

करुणाला बायकांची पार्टी काढायची आहे. तिला नवीन मिक्सर आणि चांगले माइक हवेत. तिने आमच्या पार्टीच्या नावावर बँकेत कर्जाचा अर्ज केला. बँकेने सांगितले की जुने सामान माझ्या धंद्याच्या कागदात दिसते आहे, ते एकतर खोलीत दिसले पाहिजे नाहीतर विकल्याच्या बिलात, आणि विक्रीची रक्कम खात्यात आली की कर्ज मंजूर. एवढी सरळ गोष्ट आहे. लपवून विकले तर करुणाचे कर्ज गेले, आणि कर्ज गेले तर पार्टी गेली.

हे प्रफुल्लला समजावून झाले होते. तरी एका रविवारी तो नागपूरच्या कोण्या व्यापाऱ्याचा टेम्पो घेऊन दारात आला. सगळे एकगठ्ठा, रोखीत, बिल नाही. म्हणाला, "माय, कायले एवढा ताप घेऊन राहिली? जुना माल हाय, कोन पाहते? कराचे पैसे वाचतील ते तुह्याच औषधाले होतील."

मी स्वयंपाक सोडून मागच्या खोलीत गेले आणि सर्वात मोठ्या बॉक्सवर बसले. टेम्पोवाल्याला म्हटले, मला उचलून ठेव मग बॉक्स ने. त्या बिचाऱ्याने प्रफुल्लकडे पाहिले, प्रफुल्लने जमिनीकडे पाहिले, आणि टेम्पो रिकामा गेला. प्रफुल्ल न जेवता निघाला. मला फार वाईट वाटले, मी त्या दिवशी जेवले नाही. पण बॉक्सवरून उठले नसते.

पोरगा वाईट नाही. त्याला फक्त वाटते की बहिणीचे काम म्हणजे हौस. म्हणून सर्व वाद्ये, साउंडचे सामान, वायरी, ताडपत्री आणि पार्टीचे नाव मी एकट्या करुणाला देत आहे. उरलेले जुने सामान तिने विकावे, एकेक नग, पक्क्या बिलाने, आणि त्यावर जो कर बसेल तो भरावा. बिलाशिवाय एकही भोंगा विकू नये. माझा नंबर माझ्यासोबत बंद होईल. तिने स्वतःच्या नावाने घ्यावा. भंडाऱ्याच्या करसल्लागार निर्मलाबाई ते करून देतील. मृत्युपत्राने मिळालेल्या वस्तूवर मिळणाऱ्याला आयकर लागत नाही, असे त्यांनीच मला सांगितले, ते इथे प्रफुल्लसाठी लिहून ठेवते, म्हणजे तो करुणाला उगीच भिववणार नाही.

बाबुलालजींची पेटी विकायची नाही. ती घरची आहे, धंद्यात कधी नव्हती. तीही करुणाकडे.

कलम ५. आसगावच्या ऑर्गनचा खुलासा. पवनी तालुक्यात आसगावला दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकमंडळाला आमचा ऑर्गन दरवर्षी भाड्याने जायचा. नेण्या-आणण्याचा त्रास नको म्हणून पुढे तो तिथेच राहू लागला. मंडळाने त्यावर आपले नाव रंगवले, दसऱ्याला त्याला हार घातला. मी विकायचा म्हणून फोन केला तेव्हा मंडळाचे अध्यक्ष गोंधळून गेले. म्हणाले, "बाई, आमचाच ऑर्गन आमालेच कसा इकता?" मला राग येता येता हसू आले. मी जुन्या भाड्याच्या पावत्या घेऊन एसटीने गेले. अध्यक्षांच्या घरच्या गोदावरीबाईंनी भात-वरण वाढले, मंडळ बसले, पावत्या पाहिल्या, माना खाली गेल्या. ऑर्गन विकत घ्यायला तयार झाले, पण रोख नव्हती. घरोघरून उन्हाळी धान जमा करून पोत्यांनी किंमत दिली.

मला वाटले, धानाची कसली विक्री आणि कसला कर. निर्मलाबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, मोबदला पैशात असो की पोत्यात, विक्री ती विक्रीच. धानाचा बाजारभाव काढा, बिल करा, कर भरा. मी म्हटले, मग कराचे एक पोते इथेच ठेवून जाते. त्या हसल्या आणि चलन हातात दिले. सरकार धान विकत घेते, करात घेत नाही. धान विकले, रक्कम खात्यात टाकली आणि कर भरला. ऑर्गन आता खरोखर आसगावचा आहे, त्यावर माझ्या वारसांचा हक्क नाही. त्याच बिलाने बँकेची मान हलली. मागच्या आठवड्यात साहेब येऊन खोली पाहून गेले. उरलेले सामान विकून झाले की कर्ज देतो, असे लेखी आले आहे.

कलम ६. पार्टीची एक रीत होती. कार्यक्रम संपला की चटईवरच वाटे पडायचे. पेटीवाल्याचा, ढोलकवाल्याचा, बेंजोवाल्याचा, कोरसवाल्यांचाही. माझा वाटा कधी पडला नाही. मी घरची होते ना. बाबुलालजी प्रेमळ होते, खोटे कशाला बोलू, पण त्यांनाही ते कधी खटकले नाही. माझ्या आवाजावर सुपाऱ्या यायच्या आणि मी परतताना चटया गोळा करायची. मला राग आहे. गेलेल्या माणसावर ठेवता येतो तेवढा आहे. करुणाच्या पार्टीत जी गाईल तिचा वाटा पडेल, घरची असो की बाहेरची. ती जुनी रीत मी मोडीत काढत आहे.

कलम ७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम निर्मलाबाईंकडे. त्यांची फी आधी द्यावी, मग वाटण्या.

कलम ८. माझ्या मागे बुद्धवंदना आणि पुण्यानुमोदन होईल. त्यात गाणे करुणाच्या पार्टीचे आणि साउंडही तिचाच लागावा. रडके गाणे नको. खर्च प्रफुल्लने करावा, एवढी त्याला माझी शिक्षा आणि एवढाच माझा आशीर्वाद. करुणा म्हणेल, माझ्या मायच्या कार्यक्रमाचे मी पैसे कसे घेऊ, मी तर घरची. करुणा, तू घेशील. पूर्ण दराने, तुझ्या नावाचे, तुझ्या नंबरचे पक्के बिल दादाच्या हातात देशील. बायांचे वाटे तिथेच चटईवर पाडशील. सगळ्यात आधी तुझा.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना या कागदाने काही मिळत नाही. केशवरावांनी तसे दोनदा विचारून घेतले.

लिहून ठेवणार : (सही) मालनबाई बाबुलाल गजभिये

साक्षीदार :
१. (सही) केशवराव सोनबाजी बन्सोड, निवृत्त खाण कामगार, चिखला
२. (सही) पुष्पाबाई देवाजी रामटेके, अंगणवाडी सेविका, चिखला

ठिकाण : चिखला
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२२