डिकीत बसलेला गवई

विहीणबाई,

नमस्कार घ्यावा, आणि घेताना कंबर सांभाळावी. कशी आहे ती? माझे गुडघे होते तिथेच आहेत. आधी चष्मा लावा, कारण ही बातमी दोनदा वाचायची आहे : आपली नात पास झाली! (मुलीच्या हातात पक्कड शोभत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. मी विसरले आहे, पण लक्षात आहे.)

गाडीत गाण्याची यंत्रं बसवायच्या दुकानात ती लागली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मालकाने बजावलं होतं, पहिली गाडी एकटीने कर, गिऱ्हाईक खूश झालं तर राहा, नाहीतर घरचा रस्ता धर. (तो ओरडूनच बोलतो, म्हणून मला आवडतो.) गिऱ्हाईक कोण, तर दातांचे डॉक्टर! जन्मभर लोकांचं किंचाळणं ऐकलेलं, त्यांना गाणं चोख हवंच. मी डबा द्यायला गेले आणि त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर टेकले (गुडघे हो). गाणं सुरू झालं. डॉक्टरांचं तोंड वाकडं, पण बिघडलंय काय ते सांगता येईना. पोर घामाघूम, मालक घड्याळाकडे बघतोय. मी म्हटलं, "अगं, हा गाणारा डिकीत का बसलाय? त्याला पुढे बोलाव की!"

नात उडालीच. तिथे क्रॉसओव्हर नावाचं एक बटण असतं. चाळणच ती. ढोलाचा जाडा आवाज तेवढा डिकीतल्या मोठ्या खोक्यात पाडायचा, माणसाचा गळा पुढच्या स्पीकरांत ठेवायचा. चाळणीची भोकं मोठी राहिली, आणि गवईसुद्धा खाली गळला! तिने बटण दीडशेवरून ऐंशीवर आणलं, तसा तो उठून थेट पुढच्या काचेपाशी येऊन गायला लागला. डॉक्टरांचे स्वतःचे दात तेव्हा पहिल्यांदा दिसले. मालक ओरडला, "आजी, तुमचे कान सोन्याचे!" (तुमच्या कानांत सोनं आहे, विहीणबाई, माझे कानच सोन्याचे.)

नोकरी पक्की. तुम्हीही मान ताठ करा, निम्मी नात तुमची आहे.

तुमची,
थोरली विहीण

ता. क. मला हल्ली जाडा आवाज तेवढाच ऐकू येतो, म्हणून गवई डिकीत सापडला. त्या गाण्यात बासरीही होती म्हणे.

पुन्हा ता. क. मालकाने मला सोमवारी दुसऱ्या गाडीला बोलावलंय, तिथे बारीक स्पीकरांतली शिट्टी पकडायची आहे. मी ऐटीत हो म्हणून बसले. तुमचं कानाचं जुनं यंत्र पडूनच असेल, तेवढं रविवारच्या आत पाठवा. नातीला कळू देऊ नका. आणि ते पक्कडीचं मी आता खरंच विसरले.