अर्जातला तिसरा परिच्छेद

जळोची, ता. बारामती
रविवार, २७ सप्टेंबर १९९८

चि. मेघना,

जयभीम, आणि तुझ्या आबाचे भरभरून आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. आजीचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाही. वसतिगृहातल्या आमटीबद्दल तू लिहिलंस ते तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "आमटी कसली, हळदीचं पानी ते!" आणि लगेच शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. पुढच्या आठवड्यात तुझे बाबा पुण्याला येतील, त्यांच्याबरोबर डबा येईल. मैत्रिणींना थोडी दे, सगळी नको.

तुझा अर्ज मिळाला. इंग्रजी मूळ आणि खाली तू केलेलं मराठी, दोन्ही वाचलं. मोठ्यानं वाचलं. जिनिव्हाच्या संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि काम काय, तर लसीच्या बाटलीवरच्या त्या चिमुकल्या चिठ्ठीची पारख करायची! वर्तुळात फिका चौकोन. ऊब लागेल तसा तो गडद होत जातो, आणि वर्तुळाइतका गडद झाला की बाटली फेकायची. पोलिओच्या बाटलीवर ती आलीच आहे. आता ती बाकीच्या लसींवरही लावावी का, हे तपासणाऱ्यांत माझी नात बसणार. तुझी निवड होणार, मेघना. हे आजोबाचं कौतुक नव्हे. अठ्ठावीस वर्षं लसीची पेटी खांद्याला अडकवून हिंडलेल्या माणसाचं मत आहे.

दुसरं पान असं मोठ्यानं वाचताना मला माझी लहानपणची कळसची शाळा आठवली. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून ठेका धरायचे आणि अख्खा वर्ग कविता म्हणायचा. आम्हा तिघा-चौघांना पडवीत बसायला लागे. पण आवाजाला कोण अडवणार? खिडकीतून येईल ती कविता मी पाठ करायचो. अर्थ मागून कधीतरी कळायचा, चाल मात्र त्याच दिवशी अंगात मुरायची. अजूनही जळोचीच्या बांधावरून फिरताना पावलं आपोआप कुठल्यातरी चालीत पडतात.

तुझ्या अर्जातल्या तिसऱ्या परिच्छेदाकडे येतो म्हणतो आणि शाळेत जाऊन बसतो. आजी मघाशी म्हणालीच, "आता त्या पोरीला तरी कविता सांगू नका. काय झालं ते सांगा."

तर सांगतो. तिसऱ्या परिच्छेदात तू लिहिलंयस, 'लसीच्या फ्रीजचं तापमान रोज दोनदा नोंदवण्यात माझे आजोबा कधीही चुकले नाहीत. त्यांच्या नोंदींना जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं.' ते प्रशस्तिपत्र पाहत तू लहानाची मोठी झालीस, म्हणून तू तसं लिहिलंस. तुझी त्यात चूक नाही. त्या नोंदी खोट्या होत्या.

मी रविवारी तापमानाचा तक्ता घरी आणायचो आणि पुढच्या शनिवारपर्यंतचे आकडे एकदम भरून टाकायचो. सकाळी चार, संध्याकाळी पाच. सकाळी पाच, संध्याकाळी सहा. सगळे लसीला लागणाऱ्या दोन ते आठ अंशांच्या आतले. म्हणताना ठेका जमेल असे निवडायचो. जमला नाही तर खोडून दुसरा आकडा घालायचो. परवा आजीपुढं हे कबूल केलं तर ती हसली. "मला ठावं हाय की. च्या घिऊन मीच यायची न्हवं? तुमी तक्त्यावर बोट आपटत गुणगुणायचा. मला वाटायचं, सरकारनं कविता लिवायचं काम दिलंय." वरचे साहेब मात्र म्हणाले, "लोंढे, असा नीटनेटका तक्ता मी तालुक्यात पाहिला नाही."

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात वादळानं खांब पडले आणि आमच्या केंद्राची वीज चार दिवस गेली. मी वस्त्यांवर पाहणीला गेलो होतो. गुरुवारी लसीकरणासाठी परत आलो तेव्हा वीज नुकतीच आली होती. फ्रीजचं झाकण उघडलं तर आत कोमट. तक्त्यावर मात्र त्या चारही दिवसांचे आकडे माझ्याच हातचे, चार आणि पाच. बाटल्या फेकल्या असत्या तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण लिहिलं असतं तर तक्ता खोटा पडला असता. मी बाटल्या पेटीत भरल्या आणि निघालो.

त्या दिवशी मी ज्यांना गोवराची लस टोचली त्यांत वस्तीवरच्या सारजाची मुलगी रश्मी होती, नऊ महिन्यांची. पुढच्या शिमग्याला वस्तीवर गोवर आला. रश्मीच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. तो डोळा गेला.

तुझा अर्ज वाचल्यावर बुधवारी मी एसटीनं वडगाव निंबाळकरला गेलो. सारजा आता तिथं असते. म्हशीची धार काढत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. चरवी भरल्यावर म्हणाली, "डाक्टर, मी इचारलं व्हतं तुमाला. टोचलं व्हतं, तर गोवर कसा आला? तवा काय बोलला तुमी?"

"एखाद्याला येतो, असं म्हणालो."

"आन् मी काय समजून बसली, ठावं हाय? सुई दिली त्या दिशी पोरीला न्हाऊ घातली, म्हून औशिद उतरलं. अकरा वर्सं झाली. सासूबी तेच म्हनत मेली."

"अंघोळीनं काही होत नाही, सारजा."

"ते आज सांगताय व्हय!"

तिनं पाणी विचारलं नाही, ते बरोबरच केलं. चरवी आत ठेवून आल्यावर तिनं विचारलं, आत्ताच का आलात? मग मी तुझं सांगितलं, त्या चिठ्ठीचं सांगितलं. ती म्हणाली, "त्या चिठ्ठीवर मानसानं काय लिवायचं नसतं न्हवं?"

"नाही. ती आपली आपण काळी पडते."

"मग लावा म्हनावं. समद्या बाटल्यांवर लावा."

रश्मी दारात उभी राहून ऐकत होती. सहावीत आहे, उंच झाली आहे. मान जरा वळवून उजव्या डोळ्यानं बघते. तिनं विचारलं, "आन् काळी पडलेली दिसली, तरीबी टोचलं मंग?"

तुझ्या पाच पानांत हा प्रश्न नाही. माणूस पेटी घेऊन चार कोस चालून आलेला असतो, समोर चाळीस लेकरं रडत असतात, दुसरी बाटली नसते, आणि परत गेलं तर साहेबाला तोंड द्यायचं असतं. चिठ्ठी खरं बोलेल. पुढं तो माणूस काय करील? बाटली फेकणाऱ्याला जाब विचारायचा की शाबासकी द्यायची? तुला चिठ्ठीबरोबर हेही तपासायचं आहे.

तेव्हा तिसरा परिच्छेद पुन्हा लिही. ती लस बिघडलीच होती, असं छातीठोकपणे लिहू नकोस. चांगली लस घेतलेल्या लेकरालाही कधी गोवर येतो. बिघडली होती की नव्हती, हे कुणालाच कधी कळणार नाही, आणि ते माझ्या आकड्यांमुळं, एवढं लिही. आबाची लाज वाटते म्हणून जुना परिच्छेद ठेवशील, तर त्याला माझी परवानगी नाही. असा अर्ज कोण निवडेल, असं तुला वाटेल. मला वाटतं, त्यांना हाच हवा असेल. पंधरा ऑक्टोबरची मुदत आहे, पाच तारखेलाच टपालात टाक. मला पुन्हा वाचायला पाठवू नकोस.

रश्मीचं नाव घालू नकोस, त्याची परवानगी मी तिच्याकडे मागितलेली नाही. नुसतं 'माझे आजोबा' असंही मोघम लिहू नकोस. माझं नाव घाल, पूर्ण.

ज्ञानदेव गेणबा लोंढे
सेवानिवृत्त आरोग्य सेवक,
तुझा आबा