बरोबर सात

पुसद, १ जुलै २०२५

ती. बापूस बबिताचा शि. सा. न.

तांड्यात रेंज नाही, म्हणून संजयदादाच्या हाती पत्र पाठवते. निकाल लागला. पुढच्या शिक्षक प्रशिक्षणाला सात ग्रेड लागतो, मला ६.३३ दिलाय. तो चूक आहे. सराव पाठांना सहा श्रेयांक, तिथं मला आठ गुण. मानसशास्त्राला दोन श्रेयांक, गुण सहा. चित्रकलेलाही दोन, गुण पाच. (हसू नका, माझा बैल शेळीसारखा दिसतो हे मला माहीत आहे.) कॉलेजच्या बाबूंनी आठ, सहा, पाच मिळवून तिनानं भागलं. प्रत्येकाला त्याच्या श्रेयांकानं गुणून बेरीज केली आणि एकूण दहा श्रेयांकांनी भागलं, तर बरोबर सात येतात.

तसं सांगितलं तर म्हणाले, तांड्यावरच्या पोरीनं आम्हाला गणित शिकवू नये, आधी माफीनामा लिही. शनिवारी अर्जाची शेवटची तारीख आहे. लिहू का? याडीला कळवू नका, आईचा जीव लगेच घाबरतो.

तुमची लाडकी,
बबिता

तांडा, २ जुलै

चि. बबितास आशीर्वाद.

याडीनंच पत्र वाचून घेतलं, आता लपवून काय फायदा.

मागच्या हंगामात आर्णीला व्यापाऱ्यानं असंच केलतं. आपली कापसाची दहा गाठोडी वाळलेली, ओलावा आठ टक्के. दोन गाठोडी ओली, ओलावा वीस. त्यानं आठ न् वीस मिळवून अर्धे केले, म्हणे सगळा माल चौदाचा. मी म्हटलं, दहा गाठोडी न् दोन गाठोडी सारखी कशी? ढीग एकत्र करायला लावला. ओलावा मोजला, दहा निघाला.

तुले काहून माफी मागाची? सही करू नको. सीट गेली तर गेली, मान खाली घालून घरी येऊ नको.

तुझा बापू,
प्रेमसिंग

पुसद, ५ जुलै

ती. बापू, शि. सा. न.

माफीनामा लिहिला नाही, प्राचार्यांकडे जाते म्हटलं, तसे बाबू नरमले. म्हणाले, दयेचा अर्ज दे, तुझा एकटीचा निकाल गुपचूप दुरुस्त करतो. मी दिला नाही. सगळ्या वर्गाचा हिशेब पुन्हा करा म्हटलं आणि प्राचार्यांच्या दारात बसले. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. वर्गातली निकिताही शेजारी येऊन बसली. मग एकेक करत बऱ्याच जणी आल्या.

आज दुपारी नवी यादी लागली. निकितासकट अकरा जणी सातच्या वर गेल्या. मी बरोबर सातवर. चार वाजता अर्ज भरला.

बाबूंनी विचारलं, हे गणित कोणत्या क्लासला शिकलीस. मी सांगितलं, आर्णीच्या बाजारात, माझ्या बापूच्या कापसाच्या ढिगावर.

याडीला नमस्कार. तुमचा राग आणि तुमची माया दोन्ही अशीच राहू द्या.

तुमची,
बबिता