पाटीवरचं नाव

प्रिय वर्लन,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण तू ते दुकानात सगळ्यांना वाचून दाखवशील.

ज्युरीने माझ्या कॅरिनच्या खुन्याला फाशीऐवजी जन्मठेप दिली, तेव्हापासून अख्खं टेक्सस माझ्या वतीने संतापलंय. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. रविवारी पाद्री येऊन म्हणाले, "नीडा, त्या बारा जणांची आम्हाला लाज वाटते." मी म्हटलं, "मला आज कॉफी करायचा कंटाळा आलाय, तुम्ही निघा."

मलाही फाशीच हवी होती. अजूनही हवी आहे. पण खटला पाच आठवडे चालला आणि तू एकच दिवस आलास, तोही जेवणाच्या सुट्टीपर्यंत. त्या बारा जणांनी माझ्या लेकीचे ते फोटो पाहिले, जे बघायचा मला धीर झाला नाही.

आता ज्युरीतल्या ओपलच्या बेकरीवर तुम्ही बहिष्कार घातलाय म्हणे. म्हणून आज मी मुद्दाम तिथे गेले. भांडायलाच गेले होते, पण तोंडातून निघालं, "उद्या लेकीचा वाढदिवस आहे, एक केक दे." नाव मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. क्रीमने सावकाश, वेलांटीसकट अचूक 'कॅरिन' लिहिलं आणि डबा माझ्यापुढे सरकवला.

तुझ्या टायरच्या दुकानावर हातभर लाल अक्षरांत लिहिलंय, 'कॅरनला न्याय द्या'.

सख्खा मामा ना रे तू?

तुझी थोरली बहीण,
नीडा