चिमीचा लॅपटॉप

अहो,

चिमीचा लॅपटॉप दुकानातून तसाच परत आणलाय, कपाटात ठेवलाय. दुकानदार म्हणाला, "ताई, आतली डिस्क कधीही बंद पडेल. नवी एसएसडी टाकून घ्या. जुनं सगळं त्यात घेऊ, की कोरा करून देऊ?" कोरा म्हटल्यावर मला तिथेच रडू कोसळलं.

एसएसडी टाकूनच घेऊ, पण आता तुम्ही जा. माझ्याच्याने नाही होणार. मी आईकडे जातेय, जेवायला येते.

तिची गाणी, तिचं हसणं, सगळं नव्यात येईपर्यंत दुकानातून हलू नका. चहालासुद्धा नाही. दवाखान्यात आपण दोघं जरा दोन घास खायला खाली उतरलो आणि तेवढ्यात ती गेली. या वेळी तिच्याजवळ कुणीतरी असू दे.