मोर्शीचा पहिला बहार

अमरावती,
दि. ९ डिसेंबर १९६१

ती. इंदूताईस,
देवमनचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. मी ठीक आहे. थंडी बरीच पडली आहे, कचेरीत काम वाढलं आहे, खानावळीतली भाकर अजून अंगवळणी पडत नाही. गिरणीतल्या कापसानं तुझा खोकला पुन्हा सुरू झाला असेल. अकोल्याच्या दवाखान्यात एकदा छाती दाखवून ये, अंगावर काढू नको.

अर्धं पत्र तू डोमाजीबद्दल लिहिलंस. शेजारच्या मैनाबाईचा डोमाजी मोर्शीकडे मजुरीला गेला आणि डोकं फुटून परत आला, आता आईलाही ओळखत नाही, तोंडात घास दिला तर चावायचं विसरतो. शेवटी तू विचारलंस, ‘तू तिकडंच राहतो ना, तुले काही समजलं का?’ त्याचं उत्तर देतो. आधी पैशाचं सांगू दे, कारण तिथूनच हे सुरू झालं.

घरावरचे कवेलू बदलायला तू तीनशे रुपये साठवले होतेस. जुलैत ते माझ्याकडे दिलेस, मी पोस्टात टाकतो म्हणालो. टाकले नाहीत. पोस्टाचं सर्टिफिकेट बारा वर्षांनी दीडपटीच्या थोडं वर देतं. बारा वर्षांनी मी चाळिशीला टेकलो असतो. माझ्या खोलीखाली शफी बागवान फळं विकतो, वडिलांपासूनचा धंदा. त्याच्याकडून कळलं की मोर्शीजवळच्या एका संत्र्याच्या बगीच्याचा मालक झाडावरचाच आंबिया बहार, म्हणजे आंब्याच्या मोहराबरोबर फुललेलं पीक, विकतो आहे. फळ हिरवं असताना पैसे मोजायचे. मग फळ गळलं, गारा पडल्या, भाव उतरला तरी नुकसान आपलं. फळ टिकलं तर चार महिन्यांत जवळपास दुप्पट.

शफीनं मला भरीस घातलं नाही. उलट म्हणाला, “देवमनभाऊ, पहिल्या साली थोडकेच लावा. गेले तरी जेवन गोड लागलं पायजे, इतकेच.”

मी ऐकलं नाही. माझे होते ते, तुझे, वर कचेरीच्या पतपेढीचं कर्ज, मिळून नऊशे लावले. शफीनं तेवढेच घातले. सरकारी नोकराला धंदा करता येत नाही, म्हणून सौद्याच्या चिठ्ठीवर नाव एकट्या शफीचं. काय काय बिघडू शकेल याची मी कागदावर यादी केली होती. गारा, कीड, रेल्वेचा डबा न मिळणं, सगळं लिहिलं. माणसं लिहिली नव्हती.

तो बगीचा सहा वर्षं दुसराच एक ठेकेदार मातीमोल भावात घ्यायचा. त्यानं दोनदा निरोप पाठवला, सौदा सोडा. दुसऱ्या निरोपाबरोबर आमच्या राखणदाराचा मेलेला कुत्रा पाठवला, पोट फाडलेला. शफी म्हणाला, निम्मे पैसे घेऊन सोडून देऊ. मला निम्मे परवडणार नव्हते. मी नाही म्हटलं.

चौदा नोव्हेंबरला रजा घेऊन मी बगीच्यात होतो. टळटळीत दुपार. आठ-नऊ जण कुऱ्हाडी-विळे घेऊन आले आणि न बोलता फांद्या तोडू लागले. भरल्या फांद्या फळांसकट कडकडत खाली येत होत्या आणि ते संत्री पायानं चिरडत पुढे सरकत होते. राखणदार कुंपणावरून उडी मारून पळाला. शफी मोकळ्या हातानं पुढे गेला.

“अरे, झाडानं काय केलं तुमचं?”

एकानं त्याच्या खांद्यात विळा घातला. विळा निघेना, तर त्यानं शफीच्या पोटावर पाय देऊन तो ओढून काढला. मी एका फांदीखालचा बांबूचा टेकू उपसला. पहिल्याच्या गुडघ्यावर घातला, दुसऱ्याच्या तोंडावर. त्याचे दात माझ्या मनगटावर लागले, तिथं अजून वळ आहे. भाड्यानं आणलेली माणसं होती, उलटा मार पडताच पळू लागली. शेवटच्याचा पाय पाण्याच्या दांडात अडकला आणि तो उताणा पडला.

इथपर्यंतचं मी कोणालाही सांगू शकतो. पुढचं मी स्वतःलाही असं सांगत होतो की त्यानं तोंडाला दुपट्टा बांधला होता, मला ओळखू आला नाही.

दुपट्टा सुटला होता, ताई. त्याच्या हातात काही नव्हतं. त्यानं हात वर करून म्हटलं, “देवमन, मी आहो बे. डोमा.”

मी ओळखलं. ओळखून मारलं. पहिला फटका त्याच्या हातावर बसला, हात मोडला. दुसरा कानशिलावर. तिसऱ्याला आवाज निराळा आला आणि तो हलायचा थांबला. मला दया आली नाही. मला चिखलात गेलेले नऊशे दिसत होते. आणि तुझ्यापाशी खोटं कशाला लिहू, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्यासमोर आडवं पडलं होतं, ते मला बरं वाटत होतं. मी चौथ्यांदा बांबू उचलला होता. शफीनं एका हातानं माझी मान धरून मला मागं ओढलं, म्हणून डोमा जिवंत आहे.

शफीनंच मला बसकडे पिटाळलं. “तुमी जा. तुमचं नाव कुठंच नाई,” म्हणाला. खांद्यातून रक्त वाहत असताना त्यानं डोमाजीला बैलगाडीत घातलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोर्शीच्या दवाखान्यात नेलं. तिथं पोलिसांनी शफीलाच धरलं. मीच मारलं, असं त्यानं लिहून दिलं. मी दुसऱ्या दिवशी वेळेवर कचेरीत गेलो. आज पंचवीस दिवस झाले, रोज वेळेवर जातो.

परवा शफीची बायको खुर्शीदबी माझ्या दारात आली. उरलेलं फळ तिनं स्वतः उभं राहून तोडलं, टोपल्या भरून कलकत्त्याला रवाना केलं. फांद्या गेल्या तरी भाव चढा लागला. रुमालात बांधलेले तेराशे रुपये माझ्या हातात दिले.

“हा तुमचा हिस्सा. ते म्हनतात, देवमनभाऊचे पहिले दे, त्याईनं पहिल्यांदाच लावले होते.”

कोठडीत शफी कसा आहे, मी विचारलं.

“खांदा पिकून राहिला. ताप उतरत नाई.” पायरी उतरून ती पुन्हा वळली. “तुमाले वेळ झाला त एकदा भेटून या, भाऊ.”

तिला ठाऊक आहे का, मला सांगता येत नाही. ती गेल्यावर मी पुन्हा एक कागद घेतला. गप्प राहिलो तर काय, बोललो तर काय. नोकरी, पेन्शन, तुझं म्हातारपण, माझं लग्न, सगळं गप्प राहण्याच्याच बाजूला जाऊन बसलं. दुसऱ्या बाजूला शफीचा खांदा एवढंच होतं. मग मला माझीच किळस आली. तो कागद मी चुलीत घातला.

सोमवारी सकाळच्या बसनं मोर्शीला जातो आणि ठाण्यात खरं लिहून देतो. किती वर्षं लागतील, वकिलाला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा हिशेब मांडला असता.

तुझे तीनशे आज मनीऑर्डरनं पाठवले आहेत. पतपेढी चुकती करून जे उरलं ते मैनाबाईच्या नावानं वेगळं पाठवलं. ही डोमाजीची भरपाई आहे असं तिला म्हणू नको. तिनं ते रस्त्यावर फेकले तर फेकू दे, तू उचलू नको.

एक काम मात्र तुलाच करायचं आहे. पोलिसांकडून कळण्याआधी मैनाबाईला नाव तू सांगजो. तिसरा फटका कसा बसला तेही सांगजो. डोमानं मला हाक मारली होती, हेही. कोर्टात येऊ नको.

आई गेल्यावर मला तू वाढवलंस. माझ्या हातून हे कसं झालं याचं उत्तर तुझ्यात शोधू नको, ते तिथं नाही.

मला भाऊ म्हणायचं की नाही, हे मैनाबाईकडून परत आल्यावर ठरवजो. तोवर नुसता,

देवमन